जानेवारीतलं पाकीट

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असा तगादा संपादकांनी गेल्या गणेशोत्सवापासून आमच्यामागे लावला होता. आम्ही टाळत होतो. आम्हाला जे लिहावंसं वाटतं ते सगळ्यांना रुचेल की नाही, ही शंका होती. मंडळात आम्ही ‘नगरचे ख्रिस्ती’ म्हणून ओळखले जातो. आरतीला मागच्या रांगेत आणि मोदकाला पुढच्या रांगेत, असं आमचं वर्णन एका मित्राने केलं आहे आणि ते खोटं नाही. पण गेल्या काही वर्षांत मंडळातल्याच चार-पाच आईवडिलांनी आम्हाला कोपऱ्यात घेऊन आपलं मन मोकळं केलं. कुणाच्या मुलाने मुंजीला साफ नकार दिला होता, तर कुणाच्या मुलीने सांगितलं होतं की आजीचे टाकातले देव मी माझ्या घरी नेणार नाही. आमच्या मुलाने चर्च सोडलं. देव वेगवेगळे असले तरी त्या रात्री झोप न येण्याचा प्रकार एकच आहे, असं आमच्या लक्षात आलं, म्हणून हे लिहितो.

लिहिलं आहे दोघांनी मिळून. जिथे आमचं दोघांचं जुळत नाही तिथे तसं सांगू.

आधी पाकिटाची गोष्ट. इथल्या प्रोटेस्टंट चर्चला जर्मनीतल्यासारखा चर्चचा कर मिळत नाही. पाळकसाहेबांचा पगार, छपराची डागडुजी, हिवाळ्यातला गॅस हे सगळं सभासदांच्या वर्गणीतून चालतं. त्यासाठी दर जानेवारीत ‘केर्कबालान्स’ नावाची मोहीम असते. प्रत्येक सभासदाच्या नावाने एक पाकीट येतं, मंडळीतले स्वयंसेवक ते दारात टाकतात आणि आठ-पंधरा दिवसांनी भरलेलं पाकीट गोळा करायला परत जातात. यंदा आपण किती देणार तो आकडा आत लिहायचा. आमच्याकडे तीस-एक घरं होती. मफलर गुंडाळून, हातात यादी घेऊन, दोघांनी सायकली ढकलत फिरायचं. बहुतेक दारं ओळखीची. कुठे कॉफी मिळायची, कुठे नुसतं पाकीट.

बाप्तिस्मा झालेलं मूल चर्चच्या नोंदवहीत असतंच. पुढे मोठं झाल्यावर त्याने मंडळीपुढे उभं राहून आपला विश्वास कबूल करायचा, म्हणजे तो पुरा सभासद. आमच्या थोरल्याने ते केलं नव्हतं. ‘बघू, परीक्षा होऊ दे’ असं त्याचं चाललेलं. पण नाव वहीत होतं. २०१४ च्या जानेवारीत आमच्या गठ्ठ्यात त्याच्याही नावाचं पाकीट आलं, कारण तो तेव्हा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एका मित्राबरोबर राहत होता. आम्ही हसत हसत ते त्याच्या दारात टाकलं. परत गोळा करायला गेलो तेव्हा तो घरी नव्हता. पाकीट चिकटवून मित्राकडे ठेवलेलं होतं. नियमाप्रमाणे आम्ही ते उघडलं नाही. चर्चच्या मागच्या खोलीत पाकिटं उघडून आकडे लिहून घेणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी ते उघडलं, वाचलं, चष्मा काढला आणि कागद आमच्यापुढे सरकवला. आत आकडा नव्हता. चार ओळी होत्या: कृपया माझं नाव नोंदवहीतून कमी करावं, मंडळीने लहानपणी दिलेल्या प्रेमाबद्दल आभार. खाली सही.

आमच्यातला एक जण तिथेच खुर्चीवर बसला. दुसऱ्याने उरलेली पाकिटं मोजली, कारण कुणीतरी मोजायला हवी होती.

नंतर तो म्हणाला, ‘मी तुम्हाला तीनदा सांगायचा प्रयत्न केला होता. प्रत्येक वेळी पप्पांनी विषय बदलला.’ हे खरं आहे. तीनही वेळा विषय क्रिकेटवर नेला होता.

या देशात हे काही नवल नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही १९८८ साली आइंडहोवनला आलो तेव्हा शेजारी एक डच आजीबाई राहायच्या, कॅथलिक, नऊ मुलांची आई. त्यांच्याकडून आम्हाला इथला जुना काळ कळला. कॅथलिक मुलाने कॅथलिक शाळेत जायचं, कॅथलिक संघात फुटबॉल खेळायचं, घरी कॅथलिक वर्तमानपत्र, रेडिओवर कॅथलिकांचं केआरओ. प्रोटेस्टंटांची शाळा निराळी, पेपर निराळा, त्यांचं एनसीआरव्ही. समाजवाद्यांचं आणखी तिसरं. डच लोक याला ‘खांब’ म्हणतात: एक छप्पर आणि खाली वेगवेगळे खांब, एका खांबाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आपल्याकडच्या वाड्या-आळ्या आठवल्या तर समजायला जड जात नाही. एका उशीवर दोन धर्म झोपले तर मधे सैतान झोपतो, अशी म्हणच होती. १९६० नंतर एका पिढीत हे सगळे खांब खचले. २०१८ साली इथल्या सरकारी सांख्यिकी खात्याने जाहीर केलं की पंधरा वर्षांवरच्या लोकांत कुठल्याही धर्माचे म्हणवणारे आता निम्म्याहून कमी झाले आहेत. मास्ट्रिख्टला तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तकांचं दुकान आहे, फार सुंदर आहे, जरूर बघा. अॅमस्टरडॅमच्या ज्या पॅराडिसोमध्ये तुमची मुलं गाणी ऐकायला जातात तेही एके काळचं प्रार्थनागृह.

आजीबाईंच्या नवांपैकी एकही चर्चला जात नव्हता. वाढदिवसाला मात्र नऊही जण हजर, खुर्च्यांचं ते ठरलेलं रिंगण करून केक खात बसलेले. त्या मेरीच्या देवळीपुढे प्रत्येकाच्या नावाने मेणबत्ती लावायच्या. पुढे म्हणाल्या, नऊ फार महाग पडतात, आता एकच जाड लावते.

तेव्हा आम्ही हसलो होतो. आपल्या घरात असं होणार नाही, असं मनात होतं. आपली मुलं घरी मराठीत प्रार्थना करतात, ‘उपासना संगीत’ मधली टिळकांची पदं त्यांना पाठ आहेत, ही डच मुलांसारखी नाहीत. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक आईबापाला आपलं घर म्हणजे वेगळं बेट वाटतं. तुम्हालाही वाटत असेल.

आता आमच्या चुका. त्या सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

पहिले पाच महिने पप्पा त्याच्याशी बोलले नाहीत. म्हणजे ‘ये, बस, जेव’ एवढं बोलले. आईने उलट केलं: ती फार बोलली. त्याच्या पिशवीत पत्रिका घातल्या, भाजीच्या डब्याखाली वचनांचं कॅलेंडर ठेवलं, फोन ठेवताना दर वेळी ‘तुझ्यासाठी प्रार्थना करतेय हं’ असं अशा सुरात म्हटलं की जणू डॉक्टरांचा रिपोर्ट आला आहे. एका ओळखीच्या पाळकांना आम्ही त्याला फोन करायला सांगितलं, तेही त्याला न विचारता. सगळ्यांत वाईट म्हणजे आम्ही भारतात नातेवाइकांना त्याचं नाव प्रार्थनेचा विषय म्हणून दिलं. तिथल्या एका घरगुती सभेत ते मोठ्याने घेतलं गेलं, आणि त्या सभेतून त्याच्या एका आत्याने त्याला सरळ पत्र लिहिलं की आईवडिलांना थडग्यात घालू नकोस. प्रार्थनेच्या नावाखाली आम्ही त्याची गोष्ट चार गावांत पोचवली होती. ख्रिस्ती वाचकांपैकी कुणी असेल तर विचारतो: आपण ज्याला प्रार्थनेचा विषय म्हणतो, तो कित्येकदा गावगप्पांचाच धुतलेला सदरा असतो, नाही का?

तो ते पत्र घेऊन आला. ओरडला नाही. आईला एवढंच म्हणाला, ‘आई, तू मला वाचवायला येतेस की भेटायला येतेस? एकदा ठरव. मी दार उघडतो तेव्हा मला कळत नाही की कोण आलंय.’

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही त्याला ‘का’ विचारलं आणि तो बोलत असताना मधे बोललो नाही.

आमची समजूत होती की विद्यापीठात कुणीतरी त्याचं डोकं फिरवलं. त्याने सांगितलं ते वेगळं होतं. २००२ साली तो बारा वर्षांचा असताना नगरला त्याची चुलतबहीण आजारी पडली. त्याच्याच वयाची. सुट्टीत दोघं बोरं खात हिंडलेले. रक्ताचा आजार होता. आम्ही इथे रोज रात्री जेवणानंतर गुडघे टेकत होतो. तो रडायला लागला की आम्ही सांगायचो, तू विश्वासाने माग, ती बरी होईल. ‘होईल’ असंच सांगितलं. ‘व्हावी’ असं नाही. त्याने आपला वाढदिवस नको म्हणून देवाला कबूल केलं होतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. ती डिसेंबरात गेली. नाताळला आम्ही त्याला नवा शर्ट घालून चर्चला नेलं. त्याने आम्हाला काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला. ‘मी दोन वर्षं असं धरून चाललो होतो,’ तो म्हणाला, ‘की माझा विश्वास कमी पडला म्हणून ती गेली. मग चौदाव्या वर्षी मी ठरवलं की एक तर मी खुनी आहे, नाही तर हे खरं नाही.’

यावर काय बोलायचं होतं? पप्पांना उत्तरं पाठ होती. ईयोबाचं पुस्तक, देवाची इच्छा, सगळं. त्यांनी नळ उघडून भांडी घासायला घेतली. आई म्हणाली, ‘आम्ही तुला चुकीचं सांगितलं.’ बस, एवढंच. पण आमच्या घरात हे वाक्य तोपर्यंत कुणी मुलांना म्हटलं नव्हतं.

ते ऐकून तो परत चर्चला आला, असं काही झालं नाही. वाचकांनी तशी अपेक्षा करू नये.

त्यानंतर आम्ही आमच्याच घराण्याकडे जरा मागे वळून बघितलं. नगर जिल्ह्यात, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. आमचे पणजोबा राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यातले. मिशनच्या शाळेत शिकले आणि छप्पनच्या दुष्काळाच्या आसपास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात ही गोष्ट आम्ही नेहमी विजयाची म्हणून सांगत आलो: महारवाड्यातला पोरगा, पाटी-पेन्सिल, मग मास्तर, मग पक्कं घर. पण पणजोबांना आई होती. ती शेवटपर्यंत मरीआईचीच राहिली. मुलगा आपल्या देवीला सोडून गेला म्हणजे आता गावावर काय कोप येतो, या भीतीने तिने किती रात्री काढल्या असतील, याचा विचार आम्ही त्यापूर्वी एकदाही केला नव्हता. तिच्याबद्दल घरात एकच आठवण उरली आहे. रविवारी पणजोबा चर्चमध्ये गेले की ती बाहेर लिंबाखाली बसून राहायची, आत कधी आली नाही. उपासना संपली की भाकरीचं फडकं उचलायचं आणि मुलाबरोबर घरी चालत जायचं. आमचे आजोबा ही गोष्ट सांगताना म्हणायचे, ‘बिचारी, तिला प्रकाश दिसला नाही.’ आता आम्हाला तिच्याकडे बिचारी म्हणून बघवत नाही.

आमचा सगळा विश्वास एका मुलाने आईचा देव सोडला तिथून सुरू होतो. ही गोष्ट आमच्या मुलाने आमच्या आधी ओळखली होती, पण सभ्य असल्यामुळे तो बोलला नव्हता.

मराठीत या विषयावरचं सगळ्यांत मोठं पुस्तक तर प्रत्येक घरात असतं, तुमच्याही असेल: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आपण ते त्यातल्या विनोदासाठी वाचतो. आम्ही त्या वर्षी ते निराळ्या डोळ्यांनी वाचलं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असून गेल्यासारखा. पुढची काही वर्षं दोघं वेगळी. पण पत्रं थांबली नाहीत. पुढे त्या मुलाला घेऊन नगरला आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, चूल वेगळीच होती. नवऱ्याचा विश्वास त्यांना पटलेला नव्हता, नवरा मात्र हवा होता, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे त्यांनी कुठल्याही तत्त्वज्ञानाशिवाय जगून दाखवलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती लोक ही गोष्ट सांगताना घाईघाईने १९०० वर येतात. आमचं म्हणणं, मधल्या पाच वर्षांतच खरं काय ते आहे. त्या वेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की शेवट असा होणार. आणि तो तसा झाला नसता तर? तरी ती पत्रं वाया गेली असती असं आम्हाला वाटत नाही. खुद्द टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा लहान मुलगा भावापाठोपाठ मिशनऱ्यांकडे गेला, कोर्टाने त्याला वडिलांकडे परत दिलं, पण जात त्याला परत घ्यायला तयार होईना. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणून बाजू घेतली आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. गेलेल्याला दार लावणं ही काही एकाच धर्माची मक्तेदारी नाही.

आता न्यूननबद्दल लिहायचं आहे. आइंडहोवनच्या मंडळींना सांगायला नको, सायकलने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो आणि व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पुतळ्याशेजारी फोटो काढतो. (डच लोक म्हणतात तसं ‘खोख’ म्हणायला गेलं की खोकला येतो, तेव्हा गॉगच बरं.) आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. त्याचे वडील तिथे पाळक होते, एवढं माहीत होतं. पण त्या बापलेकांत काय घडलं ते आम्हाला आमच्या मुलाने सांगितलं, कारण त्याने व्हिन्सेंटची पत्रं वाचली होती.

व्हिन्सेंटला आधी वडिलांसारखं पाळकच व्हायचं होतं. १८७७ मध्ये तो त्या अभ्यासासाठी अॅमस्टरडॅमला राहिला, ते झेपलं नाही. मग बेल्जियममधल्या बोरिनाजच्या कोळसाखाणीत प्रचारक म्हणून गेला, तिथे आपलं होतं नव्हतं ते मजुरांना देऊन टाकलं, आणि वरिष्ठांनी १८७९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. पुढे १८८१ च्या नाताळात एटनला आईवडिलांच्या घरी असताना त्याने चर्चला यायला नकार दिला. पाळकाचा मुलगा, नाताळचा दिवस, लहान गाव! वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं, वडील म्हणाले घरातून चालता हो, आणि तो त्याच दिवशी गेला.

तरी दोन वर्षांनी, डिसेंबर १८८३ मध्ये, तो न्यूननला त्याच वडिलांच्या घरी परत आला आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं. पुढच्या महिन्यात आईचा पाय मोडला. ती खाटेवर पडलेली असताना व्हिन्सेंटने तिला करमावं म्हणून एक छोटंसं चित्र काढून दिलं. कसलं? वडिलांच्या चर्चचं. ज्या दारातून आपण आत जात नाही त्या दाराचं, आईला जाता येत नाही म्हणून. आधी त्याने पुढे कुदळवाला एक शेतकरी काढला होता. २६ मार्च १८८५ रोजी वडील बाहेरून येऊन घराच्या दारातच कोसळले आणि गेले. त्यानंतर व्हिन्सेंटने ते चित्र पुन्हा हाती घेतलं, शेतकरी पुसला आणि चर्चमधून बाहेर पडणारी माणसं काढली, त्यांत शोकाच्या शाली घेतलेल्या बायका. हे चित्र २००२ च्या डिसेंबरात अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं होतं. २०१६ मध्ये इटलीत नेपल्सजवळ सापडलं आणि २०१७ मध्ये परत भिंतीवर आलं. आमच्या घरातूनही २००२ च्या डिसेंबरात काहीतरी गेलं होतं, हे आमच्या मनात आलं, पण तेवढंच.

२०१८ मध्ये पप्पांच्या साठीला मुलाने आम्हाला ते बघायला नेलं. त्याच संग्रहालयात आणखी एक चित्र आहे, वडील गेल्यानंतर सहा-सात महिन्यांनी काढलेलं. एका दिवसात काढलं, असं त्याने भावाला कळवलं होतं. वडिलांचं भलंमोठं बायबल उघडं ठेवलेलं, शेजारी विझलेली मेणबत्ती, आणि पुढे टेबलाच्या कडेला एक पिवळं, हाताळून मऊ पडलेलं छोटं पुस्तक: एमिल झोलाची कादंबरी ‘जगण्याचा आनंद’. वडिलांना असली फ्रेंच पुस्तकं मुळीच आवडत नसत. पप्पा चित्रापुढे उभे राहून म्हणाले, ‘बघ, बापाचं पुस्तक विझलं आणि याचं पेटलं, असं म्हणायचंय त्याला.’ मुलगा म्हणाला, ‘जवळ जा. बायबल कुठे उघडलंय ते बघा.’ पानाच्या वर यशया, त्रेपन्नावा अध्याय, हे वाचता येतं. दुसऱ्यांचं दुःख आपल्या अंगावर घेणाऱ्या सेवकाचा तो अध्याय, उत्तम शुक्रवारी आम्ही दर वर्षी वाचतो. मुलगा म्हणाला, ‘आणि त्या कादंबरीचं नुसतं नाव आनंदाचं आहे. आत एक अनाथ पोरगी आहे, ती सगळं आयुष्य दुसऱ्यांसाठी झिजते. दोन्ही पुस्तकांत एकच माणूस आहे, पप्पा. तो वडिलांना तेवढंच सांगतोय. पण तोपर्यंत ते वारले होते.’

पप्पा जवळजवळ दहा मिनिटं तिथे उभे होते. मागे जपानी पाहुण्यांची रांग लागली.

हे चित्र आदराचं आहे की भांडणाचं, यावर आमच्या दोघांचं अजून जुळत नाही. आईच्या मते दोन्ही, आणि मुलांचं आपल्याशी तसंच असतं.

दुसराही एक मुद्दा आहे ज्यावर आमचं जुळत नाही आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. आम्ही विश्वास ठेवणारी माणसं आहोत. मरणानंतर काही आहे असं आम्ही मानतो. मग आमचा मुलगा तिथे आमच्याबरोबर असेल का? आमच्यातला एक जण अजूनही पहाटे तीनला उठून बसतो. दुसरा म्हणतो, जो देव माझ्यापेक्षा जास्त प्रेम करतो असं मी शिकलो, तो माझ्यापेक्षा लवकर दार लावेल हे मला पटत नाही. पहिला म्हणतो, हे तुला सोयीचं आहे म्हणून. मग चहा होतो. ज्यांना या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतं त्यांनी आम्हाला फोन करू नये.

आणि उधळ्या पुत्राचा दाखला कृपा करून आम्हाला कुणी सांगू नका. रेम्ब्रांटने काढलेलं त्याचं ते प्रसिद्ध चित्र, रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे ते, आम्हालाही आवडतं. पण आमच्या मुलाने काय उधळलं? तो वेळेवर कर भरतो, शेजारच्या त्या आजीबाईंना शेवटच्या वर्षी दर गुरुवारी दवाखान्यात नेत होता. डुकरांबरोबर शेंगा खाण्याची वेळ त्याच्यावर आलेली नाही. तो दमून-भागून परत येईल म्हणून रस्त्याकडे डोळे लावणं म्हणजे त्याचं वाईट होण्याची वाट बघणं. हे कळायला आम्हाला फार वेळ लागला.

त्या दाखल्यातला थोरला भाऊ मात्र आमच्या घरात निघाला, म्हणजे आमची धाकटी. ती चर्चमध्ये राहिली. पियानो वाजवते, मुलांचा वर्ग घेते. एके दिवशी जेवताना ताट सरकवून म्हणाली, ‘सहा वर्षं या घरात फक्त दादा काय मानत नाही यावर चर्चा होते. मी काय मानते हे कुणी विचारलंय? मलाही शंका येतात. पण मी बोलले तर तुम्ही दोघं मराल म्हणून मी गप्प बसते.’ गेलेल्याची काळजी करता करता राहिलेलीला आम्ही कुलूप लावून ठेवलं होतं. आता ती बोलते. तिच्या काही शंका भावापेक्षाही अवघड आहेत.

मुलाने २०१९ मध्ये लग्न केलं. सून डच, तिच्या घरी तीन पिढ्यांत कुणी चर्चला गेलेलं नाही. लग्न नगरपालिकेत झालं. २०२२ मध्ये नात झाली. आम्ही टोस्टवर गुलाबी बडीशेप घालून शेजाऱ्यांना वाटली, इथल्या पद्धतीप्रमाणे. बाप्तिस्मा होणार नाही हे आम्हाला आधीच सांगितलं होतं, समोर बसवून, कारण या वेळी विषय क्रिकेटवर नेला नव्हता. पुढे एकदा नात दोन तास आमच्याकडे असताना आमच्यातल्या एकाच्या मनात आलं की स्वयंपाकघरातला नळ हाताशी आहे आणि घरात कुणी नाही. पाणी तर पाणीच. कोण, ते सांगत नाही. दुसरा आत आला तेव्हा पहिला नळाशी बाळाला घेऊन उभा होता आणि रडत होता. नळ बंद होता. मुलाच्या पाठीमागे त्याच्या मुलीचं काही करायचं नाही, एवढं ते पाकीट आणि ते आत्याचं पत्र आम्हाला शिकवून गेलं होतं.

संध्याकाळी तो न्यायला आला तेव्हा आम्ही त्याला सरळ विचारलं. बाप्तिस्मा नाही, पाणी नाही, नुसता डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तर चालेल का? तुला नको असेल तर नाही म्हण, आम्ही रुसणार नाही. रुसलो असतो, पण म्हटलं खरं.

त्याने सुनेकडे बघितलं. सुनेने खांदे उडवले आणि हसली. तो म्हणाला, ‘कर. पण मराठीत कर. डचमध्ये नको. मला लहानपणी झोपताना ऐकू यायचं तसं.’

आईने केली. तो कोट घालून दारात उभा होता. आमेन तो म्हणाला नाही, सुनेला काय म्हणायचं ते कळलं नाही, आणि नात तेवढ्यात शिंकली.

आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर मागच्या खोलीत कॉफी असते. गेल्या वर्षापासून आईच्या गुडघ्यामुळे सायकल बंद झाली, तेव्हा रविवारी मुलगा आम्हाला गाडीने सोडतो आणि सव्वा अकराला न्यायला येतो. पहिल्यांदा तो गाडीतच बसायचा. नंतर थंडी वाढली तसा नातीला घेऊन कॉफीच्या खोलीत येऊ लागला. ज्यांनी त्याचं पाकीट उघडलं होतं ते गृहस्थ आता नव्वदीला टेकले आहेत. ते नातीला बिस्किट देतात, एकच, कारण डच माणूस एकच देतो. गेल्या जानेवारीत त्यांनी विचारलं, पाकिटं वाटायला पाय चालत नसतील तर दुसऱ्या कुणाला देऊ का? मुलगा म्हणाला, यादी माझ्याकडे द्या, मी गाडी चालवतो, हे दोघं दारापर्यंत जातील. त्या दोन शनिवारांत तीस घरं झाली. त्याच्या स्वतःच्या घरावरून जाताना त्याने गाडी हळू केली आणि म्हणाला, ‘इथे काही नाही ना?’ आम्ही यादी बघितली आणि म्हटलं, नाही, इथे काही नाही, पुढे चल.